सेंद्रिय पांढरी वाइन: थांबल्याने नेमकं काय मिळतं?

वेलबुट्टी

घरच्याच माणसांनी चालवलेल्या छोट्या वायनरींबद्दल वाचायला लागलं की एक वाक्य हमखास भेटतं, "आम्ही घाई करत नाही." द्राक्षं सेंद्रिय, यीस्ट बाहेरून आणलेलं नाही, वाइन गाळावर, म्हणजे तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टवर, वर्ष वर्ष ठेवलेली, बाटलीत भरल्यावरही पुन्हा मुक्काम. लाल वाइनच्या बाबतीत हे पटकन पटतं. तिथे सालीतून आलेलं टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, ते मवाळ व्हायला वेळ लागतो. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षं आली की लगेच दाबून रस सालीपासून वेगळा करतात. म्हणजे टॅनिनचं कवच जवळजवळ नाहीच. अशा उघड्याबोडक्या रसाला वर्षानुवर्षं थांबवून ठेवणं हा धोका नाही का?

माझं मत आधीच सांगतो. पांढऱ्या वाइनमध्ये थांबणं हेच सगळ्यात कष्टाचं काम आहे, आणि बाग नीट राखलेली नसेल तर त्या थांबण्याला काही अर्थ उरत नाही. पटत नसेल तर खोडून काढा. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

तळघरवाला

चांगला विषय. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात, वूव्रेच्या बाजूला, एका लहान कुटुंबाच्या बागेत तोडणीच्या हंगामात काम केलं आहे, त्यामुळे तिथलंच सांगतो.

तिकडे द्राक्षाची एकच जात, शेनिन ब्लाँ. ही जात उशिरा पिकते आणि एका घडातसुद्धा सगळे मणी एकदम पिकत नाहीत. त्यामुळे बाग एका दमात तोडत नाहीत. एकाच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरायचं आणि प्रत्येक फेरीत तयार झालेलंच घ्यायचं. घरातली आजी साखर मोजायचं यंत्र खिशात ठेवायची, पण निर्णय त्यावर घ्यायची नाही. मणी तोंडात टाकायची, साल चावायची आणि बी तळहातावर काढून बघायची. बी हिरवट असेल तर मान हलवून पुढे जायची. तपकिरी झाली असेल आणि दाताखाली कडक लागली तरच त्या ओळीत माणसं लावायची. ऑक्टोबर संपत आला, पावसाचे ढग दिसताहेत आणि शेजारची बाग रिकामी झालीय, अशा वेळी हे करायला छाती लागते.

कोरडी वाइन करायची, अर्धगोड करायची की गोड, हेसुद्धा त्या घरात वर्षाच्या सुरुवातीला ठरलेलं नसतं. वर्ष जे देईल ते.

मग प्रेस. हवेच्या पिशवीने हळूहळू दाब वाढवणारं यंत्र, एक घाणा उतरायला कित्येक तास. जोरात दाबलं तर रस जास्त निघतो, पण सालीतला आणि देठातला कडवटपणाही येतो. रस रात्रभर गार ठेवून जाड साका खाली बसू देतात, वरचा रस पिंपात. तिथली तळघरं मऊ, पांढरट चुनखडकात कोरलेली आहेत आणि बारा महिने साधारण 12 अंशाच्या आसपास राहतात. त्या गारव्यात यीस्ट निवांत चालतं. पिंपाच्या तोंडाला कान लावला की आत बारीक चर्र असा आवाज सुरू असतो. कधी हिवाळ्यात आवाज बंद होतो आणि उन्हाळ्याची चाहूल लागली की परत सुरू होतो. तेवढा काळ कुणी ढवळत नाही, गरम करत नाही. पण रोज तिथे जाऊन वास मात्र घेतात.

सुगरण_पक्षी

वा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. थांबणं म्हणजे विसरून जाणं नव्हे.

हिशेबी

तळघरवाला, वर्णन सुरेख आहे, पण मी उलट बाजूने लिहितो, कारण ती कुणी लिहीत नाही.

संयम करायला पैसे लागतात. नवीन वेल लावली तर धरण्याजोगं पहिलं पीक तिसऱ्या वर्षाच्या आसपास. बाग सेंद्रिय करायची तर युरोपात 3 वर्षांचा संक्रमणकाळ. त्या काळात सगळे नियम सेंद्रियचे पाळायचे, उत्पन्न घटलं तर सोसायचं, आणि बाटलीवर मात्र सेंद्रिय लिहिता येत नाही. त्यावर तुम्ही वाइन दोन वर्षं पिंपात ठेवणार. म्हणजे मजुरी दिली, बाटल्या-बुचं घेतली, कर्जाचा हप्ता गेला आणि माल अजून तळघरात. छोट्या कुटुंबाला हे जमतं ते बहुतेक वेळा आजोबांनी जमीन फेडून ठेवलेली असते म्हणून. ज्याच्याकडे तशी पुण्याई नाही, त्याने वसंतात बाटली भरून विकली तर तो कमी प्रामाणिक ठरत नाही. "घाई करत नाही" या वाक्याचा मला राग नाही, पण ते म्हणणाऱ्याने हेही सांगावं की त्याला घाई करावी लागत नाही.

वेलबुट्टी

हिशेबी, मुद्दा शंभर टक्के मान्य. नवख्या माणसाने लवकर विकलं म्हणून त्याला कमी लेखायचा हेतू अजिबात नाही.

पानझड

हिशेबींच्या गणिताला एक पुरवणी. 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर कडाक्याचं दहिवर पडलं. नुकत्याच फुटलेल्या कोंबांचं रात्रीत वाटोळं झालं आणि कित्येक बागांचं त्या वर्षीचं पीक जवळजवळ हातचं गेलं. अशा वर्षी ज्यांच्या तळघरात मागच्या दोन वर्षांची वाइन पडून होती, त्यांच्याकडे विकायला काहीतरी होतं. जे दरवर्षीचा माल त्याच वर्षी संपवत होते त्यांच्याकडे काहीच नव्हतं. साठा पैसे अडकवतो हे खरं, पण एकाच बागेवर पोट असलेल्या घराला तोच तारतो.

सूक्ष्मदर्शक

यीस्टबद्दल थोडं, कारण धाग्याच्या सुरुवातीला उल्लेख आलाय.

"बागेतलं यीस्ट" हे अर्धंच खरं आहे. निरोगी द्राक्षाच्या सालीवर सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे जे यीस्ट वाइन शेवटपर्यंत नेतं, ते फार कमी सापडतं. सालीवर असतात ती हान्सेनियास्पोरासारखी दुसरी यीस्टं. ती आधी काम सुरू करतात आणि अल्कोहोल थोडं वाढलं की मान टाकतात. मग सॅकरोमायसिस ताबा घेतं, आणि ते बऱ्याचदा वायनरीतल्याच प्रेसवर, नळ्यांवर, पिंपांवर वस्तीला असतं. म्हणजे ते यीस्ट त्या घराचंच असतं, पण बागेपेक्षा तळघराचं जास्त.

आता सेंद्रिय बागेचा याच्याशी संबंध काय, तर दोन ठिकाणी अगदी थेट आहे. एक, नत्र. रसात यीस्टला लागणारं नत्र कमी पडलं की आंबणं रेंगाळतं, कधी मध्येच अडकतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. बाटलीतलं विकतचं खाद्य घालायचं नसेल तर ते नत्र मातीतूनच यायला हवं. म्हणून ओळींच्या मधल्या पट्ट्यात शेंगवर्गीय पिकं घेतात आणि ती तिथेच गाडतात. दोन, गंधक. भुरी या वेलीच्या रोगासाठी गंधक मारतात, सेंद्रियमध्ये ते चालतं. पण तोडणीच्या तोंडावर मारलं आणि सालीवर राहिलं की यीस्ट त्याचा पुन्हा तोच घाण वास करून ठेवतं. त्यामुळे शेवटची फवारणी कधी थांबवायची हा निर्णय तळघरातल्या संयमाइतकाच मोठा आहे. रेंगाळलेली वाइन आणि संथ वाइन यांत फरक असतो, आणि तो फरक बहुधा बागेत ठरतो. धागाकर्त्याचं मत मला या अर्थाने बरोबर वाटतं.

मोरचूद

गंधकाचा विषय निघालाच आहे तर तांब्याचंही बोलू. सेंद्रिय म्हटलं की लोकांना वाटतं फवारणीच नाही. प्रत्यक्षात केवडा या वेलीच्या रोगावर सेंद्रिय बागायतदाराच्या हातात मुख्य हत्यार एकच, मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण. त्याची गोष्ट मजेशीर आहे. बोर्डोजवळच्या मेदोकमध्ये वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर निळसर मिश्रण शिंपडायचे. 1882 मध्ये मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बाकी बाग केवड्याने झडली तरी या कडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत. 1885 मध्ये त्याने ते मिश्रण जाहीर केलं.

पण तांबं हा जड धातू आहे. मातीत साठत जातो, गांडुळांना बाधतो. युरोपात आता मर्यादा आहे हेक्टरी 7 वर्षांत 28 किलो, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलो. पावसाळी वर्षात ते मिश्रण धुऊन जातं आणि पुन्हा मारावं लागतं. शिवाय ते पानावर आधीच असावं लागतं, रोग आत शिरला की उपयोग नाही. ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाढतात, डिझेल जळतं, माती दबते. मी सेंद्रियच्या विरोधात नाही, पण "निसर्गावर सोडून दिलं" असं कुणी म्हणालं की मला त्या निळ्या पानांची आठवण येते.

हिरवीगार

मोरचूद, याच कारणासाठी काही लहान बागा रोगाला दाद न देणाऱ्या नव्या संकरित जाती लावायला लागल्या आहेत. पांढऱ्यांमध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला तयार झालेली सोलारिस, तिथलीच सूविन्ये ग्री. फ्रान्सच्या संशोधनातून आलेल्या फ्लोरेआल आणि व्होल्तिस. यांना फवारणी खूपच कमी लागते. अडचण अशी की शेनिन किंवा रिझलिंगची वेल पन्नास वर्षं सांभाळलेल्या कुटुंबाला "ती उपटा आणि ही लावा" कोण सांगणार. नवी बाग लावणाऱ्याने मात्र विचार जरूर करावा. संयम दाखवायला जुनीच जात लागते असं काही नाही.

मोरचूद

सहमत. तांब्याचा खरा उपाय तोच आहे.

कोरा_कागद

भाबडा प्रश्न विचारते. सेंद्रिय वाइनमध्ये सल्फाइट, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते, नसतात ना? म्हणूनच डोकं दुखत नाही असं ऐकलंय.

सूक्ष्मदर्शक

प्रश्न चांगला आहे, बऱ्याच जणांचा हाच समज असतो. नियम देशाप्रमाणे बदलतात. अमेरिकेत नुसतं "सेंद्रिय वाइन" लिहायचं तर सल्फाइट वरून घालता येत नाहीत. युरोपात 2012 पासून "सेंद्रिय वाइन" हा शब्द वापरता येतो, त्याआधी फक्त "सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली" असं लिहायचे. तिथे सल्फाइट चालतात, पण मर्यादा कमी. कोरड्या पांढऱ्यासाठी लिटरला 150 मिलिग्रॅम, सेंद्रिय नसेल तर 200. कोरड्या लालसाठी 100, सेंद्रिय नसेल तर 150. आणि मुळीच नसलेली वाइन जवळपास अशक्य, कारण यीस्ट स्वतःच थोडे तयार करतं.

डोकेदुखीचं म्हणाल तर आकडेच बघा, मुभा पांढऱ्याला जास्त आहे आणि तक्रारी मात्र लालबद्दल जास्त ऐकू येतात. दमा असलेल्या काहींना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, त्यांनी जपावं.

आता हे संयमाशी कसं जुळतं ते सांगतो. सल्फाइटचं काम आम्लता जास्त असेल तिथे जास्त प्रभावी होतं. म्हणून आम्लता टिकवून पिकलेली द्राक्षं आणली तर कमी मात्रेत भागतं. शिवाय वाइन बारीक गाळावर राहिली की मेलेल्या यीस्टच्या पेशी विरघळलेला ऑक्सिजन शोषून घेतात. धागाकर्त्याने विचारलं होतं की टॅनिन नाही तर कवच कुठलं, तर आम्लता आणि गाळ ही दोन कवचं.

कोरा_कागद

धन्यवाद. इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं.

अडगळ

सूक्ष्मदर्शक यांचे प्रतिसाद गाळावर मुरवलेले असतात. मस्त उतरलेत. :)

पिवळा_चाफा

थोडं अवांतर, पण थांबण्याचा विषय आणि फ्रान्सच्या झुरा प्रांताचं नाव नाही हे मला राहवत नाही.

तिथे साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षापासून व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाइन करतात. एरवी पिंपातली वाइन थोडी उडून जाते तशी ती वरून भरत राहतात, म्हणजे हवा आत येत नाही. इथे मुद्दाम भरत नाहीत. रिकाम्या जागेत, वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ, सुरकुतलेला पापुद्रा धरतो आणि त्याच्याखाली वाइन किमान 60 महिने राहते. तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या 15 डिसेंबरपर्यंत ती पिंपातून काढायचीच नाही, असा नियम आहे. भरायची बाटलीही वेगळी, 62 सेंटिलिटरची बुटकी. एक लिटरमधून इतक्या वर्षांनी एवढीच उरते असं तिथे सांगतात.

सगळीच पिंपं तिथवर पोचत नाहीत. काहींचा पापुद्रा फाटतो, काही आंबट होतात. म्हणून घरातलं माणूस पिंपाच्या अंगाला लावलेल्या छोट्या तोटीतून थेंबभर काढून चाखत राहतं, पापुद्रा न हलवता. लुई पाश्चर याच प्रांतात वाढला, आर्ब्वाला. 1866 मध्ये त्याचा वाइनवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाइन बिघडते ती सूक्ष्मजीवांमुळे, हे त्याने दाखवलं.

धूमकेतू

वेलबुट्टी, मी विरोधी पक्षात बसतो. थांबणं अंगलट आल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांताचं आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यावरच्या, दहा-पंधरा वर्षं ठेवायच्या म्हणून घेतलेल्या पांढऱ्या वाइन काही वर्षांतच पिवळ्याजर्द होऊन शिळ्या निघायला लागल्या. एकाच पेटीतली एक बाटली उत्तम आणि दुसरी मेलेली. नावाजलेल्या घरांच्याही. कारणांवर अजून वाद आहे: बुचं, कमी केलेलं सल्फाइट, गाळ सारखा ढवळणं, नव्या प्रेसमधून निघणारा फार स्वच्छ रस. म्हणजे ज्या गोष्टींना आपण इथे हळुवार, काळजीपूर्वक म्हणतोय त्यातल्याच काही संशयित आहेत. मग संयमाचं कौतुक जरा जपून केलेलं बरं.

तळघरवाला

धूमकेतू, हे उदाहरण आणलंत ते उत्तम झालं. माझ्या मते धडा थांबू नका असा नसून रसाला अतिजपू नका असा आहे.

मी जिथे काम केलं तिथे प्रेसमधून रस परातीत उघडाच पडायचा. डोळ्यांदेखत तो हिरवट सोनेरीचा तपकिरी व्हायचा, गढूळ चहासारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की सगळं वाया गेलं. तिथे मात्र कुणी घाबरायचं नाही आणि त्या टप्प्यावर सल्फाइटही घालायचं नाही. हवेने जे खराब व्हायचे ते फेनॉल नावाचे घटक रसातच काळवंडून साक्याबरोबर खाली बसतात आणि आंबल्यावर वाइन पुन्हा फिकट, लख्ख निघते. ज्याला पुढे हवेचा त्रास होणार होता तो भाग आधीच निघून गेलेला असतो. तो रस कोवळेपणी थोडा टणक होतो म्हणा ना.

हा उपाय सगळ्या जातींना चालत नाही. सोव्हिन्यों ब्लाँसारख्या द्राक्षाचा जो खास सुगंध असतो तो हवेने उडून जातो, तिथे रस हवेपासून वाचवावाच लागतो. शेनिनला चालतं.

धूमकेतू

रस मुद्दाम तपकिरी होऊ देतात हे माहीत नव्हतं. शेवटच्या परिच्छेदामुळे जास्त पटलं.

रानवारा

बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात, ते काय? एका सेंद्रिय रिझलिंगमध्ये दिसले म्हणून विचारतोय. वाइन खराब झाली असं समजायचं का?

हिरवीगार

अजिबात नाही. ते टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी. मोठ्या कारखान्यांत वाइन शून्याखाली थंड करून ते आधीच पाडतात. लहान घरी हिवाळ्याची थंडी आपोआप पाडते, पण कधी थोडे उरतात. बाटली उभी ठेवा, शेवटचा घोट सोडून द्या.

वेलबुट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा इतका भरेल असं वाटलं नव्हतं.

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण वाचता वाचता माझ्या मतात भर पडली. मी थांबणं हे एकच काम समजत होतो. तुमच्या प्रतिसादांतून दिसतंय की ती निदान तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला वेगळं माणूस लागतं. पावसाच्या भीतीने लवकर न तोडणं, हे आजीचं. आंबणं ओढून न नेणं, पण वास बदलला की त्याच दिवशी हात घालणं, हे तळघरातल्या माणसाचं. आणि तयार झालेली वाइन विकायची निकड असताना ठेवणं, हे हिशेब सांभाळणाऱ्याचं. लहान कुटुंबात हे तिघं एकाच छताखाली असतात. एकाचा धीर सुटला तर दुसरा धरून ठेवतो, किंवा एकाचा हट्ट वाढला तर दुसरा "आता भरा बाटल्या" म्हणतो. मोठ्या कंपनीत सगळं यंत्र असेल, प्रयोगशाळा असेल, पण तोडणीची तारीख मजुरांच्या करारावर आणि बाटलीची तारीख विक्रीवाल्यांच्या कागदावर आधीच पडलेली असते. मला लहान घरांचं मोल वाटतं ते तारखा पुढे-मागे करायची मोकळीक त्यांनी स्वतःकडे ठेवली आहे म्हणून.

हिशेबी

हे मला मान्य आहे. फक्त त्या मोकळिकीची किंमत घरातली माणसंच भरतात, हे त्यात जोडा.

वेलबुट्टी

जोडलं.

सुगरण_पक्षी

एक शंका राहिली. गाळावर ठेवलेली वाइन ढवळायची की नाही? धूमकेतू यांनी ढवळण्याला संशयितांत टाकलं, पण तोंडभर, साईसारखा पोत त्यानेच येतो असंही म्हणतात.

तळघरवाला

दोन्ही खरं. ढवळलं की यीस्टच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं लवकर वाइनमध्ये उतरतात, पोत भरतो, पण दर वेळी झाकण उघडलं की हवाही जाते. नुसतं ठेवलं तरी तेच होतं, फक्त सावकाश. मी पाहिलेल्या घरात वाइनला वास यायला लागला तरच काठी घालायचे, एरवी पिंप भरलेलं ठेवून गाळाला गाळाचं काम करू द्यायचे. ज्या वर्षी आम्लता कमी असेल त्या वर्षी तर काठीला हातच लावायचे नाहीत.